आगरावरचं पीक

माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचं वऱ्हाड होडीतून निघालं आणि भलत्याच बंदराला लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या बंदरावरही त्या दिवशी लग्न होतं. मांडव दिसला, वाजंत्री ऐकू आली, आमची मंडळी उतरली आणि थेट पहिल्या पंगतीला बसली. जेवून हात धुताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की मांडवात आधीच एक नवरा आहे. होडी हाकणारे तांडेल होते माझे सासरे, जानू तांडेल. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. चूक कशी झाली असं कुणीही विचारलं, की आबा एकच सांगायचे, "धुकं होतं." वैशाखात भर दुपारी धुकं नसतं, हे त्यांच्या तोंडावर सांगायची छाती कुणाची नव्हती.

तर त्याच वर्षी, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर, एक मुलगी बंदरावर आली. मी मासळीचा वाटा निवडत बसले होते. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात बर्फाची पेटी. माझ्या टोपलीत वाकून म्हणाली, "मावशी, शिंगाळा आहे का?"

"आहे की. बघ, अजून मिशा हलतायत. कापून देऊ?"

"कापू नका. धुऊसुद्धा नका. मला फक्त वरची बुळबुळ पाहिजे. मासा तुम्हालाच परत देते."

एवढी वर्षं मासे विकले, पण मासा परत देणारं गिऱ्हाईक तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्या शेजारी भागी मावशी बसायची. तिचं तोंड तिच्या कोयतीपेक्षा धारदार. ती म्हणाली, "बुळबुळ घेऊन काय करणार गो? घसरून पडायचंय?"

मुलगी हसली, पण रागावली नाही. तिथेच उकिडवी बसली आणि सांगायला लागली. शिंगाळा राहतो चिखलात. सगळी घाण त्याच्या भोवती. अंगाला खवले नाहीत, जाळ्यात घासून कातडी सोलवटते, तरी त्याच्या जखमा चिघळत नाहीत. कशामुळे? तर त्या बुळबुळीत काही प्रथिनं असतात आणि ती रोगाचे जंतू मारतात, असं तिला आणि तिच्या सरांना वाटतं.

"वाटतं?" भागी मावशी म्हणाली. "म्हणजे अजून ठाऊक नाय?"

"ठाऊक असतं तर इथे कशाला आले असते?"

हे उत्तर मला आवडलं. तिचं नाव इरावती टिपणीस. शहरातल्या कॉलेजात ती यावर मोठी परीक्षा देत होती. रोज ताजा शिंगाळा पाहिजे, म्हणून होळीपर्यंत बंदरावरच राहायचं तिच्या मनात होतं. माझे मालक तेव्हा गोव्याकडच्या ट्रॉलरवर होते आणि दीर बायकोला घेऊन मुंबईला. घरात मी आणि आबा, दोघंच. पडवीतली खोली रिकामी होती, ती मी तिला दिली. दुसऱ्या दिवशी ती तिथे एक लाकडी पेटी, पेटीत उबेसाठी एक बल्ब, काचेच्या बाटल्या, झाकणाच्या चपट्या ताटल्या आणि एक प्रेशर कुकर घेऊन दाखल झाली. कुकर बघून मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी स्वयंपाक तरी करते. कुकरची शिट्टी झाल्यावर डोकावले, तर आत बाटल्या शिजत होत्या.

माशाची लस काढणारी बाई आलीय, असं गावात पसरलं. आमच्याकडे बुळबुळीलाही लस म्हणतात आणि दंडाला टोचतात तीही लसच. चौथ्या दिवशी दोन बायका पोरं काखेत घेऊन टोचून घ्यायला दारात उभ्या.

आता आबांच्या पायाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्या पायाचीच आहे. पावसाळ्याआधी खडकावर चालताना त्यांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, खडकाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याची कड लागली. एवढीशी जखम. दुसऱ्या कुणाला झाली असती तर आठवड्यात भरली असती. आबांची भरेना. हळद झाली, तंबाखू झाली, कसला कसला पाला झाला. श्रावण सरला तरी जखम होतीच, उलट रुंदावली. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं होतं, साखरेचा आजार आहे, भरती व्हा, नाहीतर पाय जाईल. यातलं आबांनी फक्त 'पाय जाईल' एवढंच ऐकलं आणि पुढच्या एसटीनं घरी आले. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं तरी ते काठी आपटायचे. पायाला वास यायला लागला. आमचं मांजर मासळीची टोपली सोडून आबांच्या पायाशी घोटाळायला लागलं, तेव्हा मी आबांसमोर जाऊन बसले.

"आबा, ऐका माझं. उद्या जाऊ तालुक्याला," मी म्हटलं.

"खेमा सारंग गेला होता. काय झालं त्याचं?"

"त्याचा पाय कापला, पण जीव वाचला ना?"

"आणि मेला तेव्हा?" आबा काठी उगारून म्हणाले. "मेलेल्याचे दोन अंगठे एकमेकाला बांधतात, बरोबर? का बांधतात? तर मेलेला माणूस चालत घरी परत येऊ नये म्हणून. खेमाला अंगठाच एक! मग बांधणार कशाला? पोरांनी शेवटी वल्ह्याच्या तुकड्याला बांधला. वर गेल्यावर चित्रगुप्तानं विचारलं असेल, बाबा रे, हे लाकूड कुणाचं? काय सांगेल तो?"

"आणि तुमचा नाही बांधला तर काय होईल?"

"मी परत येईन."

"एका पायावर?"

"लंगडत येईन! पण येईन!"

आबा जे म्हणायचे ते करायचे. मला खरंच भीती वाटली.

इरावतीनंही एकदा त्यांचा पाय बघितला. चेहरा गंभीर करून म्हणाली, "आबा, याला दवाखानाच पाहिजे. आणि लवकर."

"तू शिंगाळ्याचं बघ," आबा म्हणाले.

आबांना ती मनातून आवडत नव्हती. मासळीची बुळबुळ काढून मासा परत देणं त्यांना अपमानाचं वाटायचं. मासळीचा की स्वतःचा, ते काही कळलं नाही. एकदा ते तिच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि पोलिसासारखे विचारायला लागले.

"तू म्हणतेस शिंगाळ्याची लस जंतू मारते. मारायला आधी जंतू पाहिजेत. ते कुठून आणतेस?"

"मीच वाढवते, आबा."

"कुठे?"

"आगरवर."

आबा खुर्चीतून अर्धे उठले. आमच्याकडे आगर म्हणजे माडापोफळीची बाग. घरामागे आबांचं आगर होतं. मोजून नऊ माड, पण आबा राज्य असल्यासारखं बोलायचे.

"आगरावर? जंतू?"

"हो. आगर चांगला असला की भराभर वाढतात. एका रात्रीत."

"कधीपासून चाललंय हे?"

"आल्यापासून. दर दोन-तीन दिवसांनी नवीन लावते."

"शेवंते!" आबांनी मला अशी हाक मारली, की ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या. "म्हणून औंदा माडांची बोंडं गळतायत! मी म्हणतो उंदीर, तू म्हणतेस वारा. ही बया आपल्या आगरात जंतू पेरत्ये! तोंडावर सांगत्ये!"

मी बाहेर येईपर्यंत ते काठी टेकत निघालेसुद्धा. दुखऱ्या पायानं एवढे झपाझप चालताना मी त्यांना कितीतरी दिवसांनी बघितलं. अर्ध्या तासात सगळी बंदरवाडी अंगणात जमा. ज्यांचं आगर आमच्या आगराला लागून होतं, ते पुढे. ज्यांच्याकडे एक माडसुद्धा नव्हता, ते त्यांच्याही पुढे.

भागी मावशी म्हणाली, "गो बाय, पेरायचे तर तुझ्या गावच्या आगरात पेर. आमच्याच मेल्या नारळांवर डोळा का?"

इरावती बिचारी एकेकाकडे बघत होती. तिला काहीच कळेना. "कुठले नारळ? मी नारळाला हात लावला नाही!"

"मग आगर आगर काय करतेस?"

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. बाटलीत पिठासारखी भुकटी. "हा आगर," ती म्हणाली. "हे याचं नाव आहे. समुद्रातल्या शेवाळापासून करतात. पाण्यात उकळून ताटलीत ओतला की खरवसासारखा थिजतो. त्यावर जंतू वाढवतात. मी तुमच्या बागेत पाऊलही टाकलेलं नाही."

माणसं आबांकडे बघायला लागली. आबांनी एकदा समुद्राकडे बघितलं. मला वाटलं, आता धुक्याचं काहीतरी काढतात. पण ते म्हणाले, "बघू तुझं आगर."

तिनं पेटीतली एक ताटली आणून उजेडात धरली. झाकण उघडलं नाही. आत पिवळसर थिजलेला थर, त्यावर मळकट साय धरल्यासारखं काहीतरी. "ही साय म्हणजे जंतू. हे पीक," ती म्हणाली. "आता मध्ये बघा." मध्ये कागदाची एक चकती ठेवलेली होती आणि तिच्या भोवती स्वच्छ गोल. तिथे सायीचा मागमूस नव्हता. चंद्राभोवती खळं पडतं, तसं खळं.

"इथे का नाय उगवले?" आबांनी विचारलं.

"ती चकती शिंगाळ्याच्या प्रथिनात बुडवून ठेवली होती. तिच्याजवळ जंतू जगले नाहीत."

लोक पांगले. जंतूंनी नारळ खाल्ले नाहीत म्हटल्यावर कुणाला त्यात रस उरला नाही. आबा मात्र ती ताटली हातात घेऊन बसून राहिले. त्यांनी त्या गोलाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे, मग पुन्हा गोलाकडे.

"पोरी, हे माझ्या पायाला लाव."

"नाही लावता येणार, आबा."

"का? मी पैसे देतो."

"पैशाचा प्रश्न नाही. ताटलीत जंतू मेले म्हणजे माणसाच्या अंगातले मरतील असं नाही. कदाचित त्यानं जखम आणखी चिघळेल. ते तपासायला वर्षं लागतात. तुमच्यावर मी प्रयोग करणार नाही."

"ताटली बरी झाली आणि मी होणार नाय? मी काय ताटलीपेक्षा गेलेला?"

"तुम्ही दवाखान्यात चला. तिथे तपासलेलं औषध आहे."

"तिथे करवत आहे," आबा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तिचा पिच्छाच पुरवला. बंदरावर जाऊन सगळ्यांत मोठा शिंगाळा निवडून आणायचे, तिच्या दारात ठेवायचे आणि तिथेच पाय पसरून बसायचे. जखमेची बाजू बरोबर तिच्याकडे. ती दाराआडून म्हणायची, "आबा, नाही म्हणजे नाही." ते म्हणायचे, "मी कुठे काय बोललो? मी वारा घेतोय."

एका सकाळी त्यांनी स्वतःच उपाय केला. परातीत जिवंत शिंगाळा घेतला, म्हणाले मधला दलाल कशाला पाहिजे, आणि बुळबुळ लावायला दुखरा पाय त्याच्या पाठीवरून फिरवला. शिंगाळ्याला बाजूला दोन आणि पाठीवर एक असे काटे असतात, आणि ते काय चीज आहे हे आबांइतकं कुणाला ठाऊक असणार? पन्नास वर्षं ते काटे चुकवण्यात गेली. मासा उसळला. आबांनी दुखरा पाय चपळाईनं वाचवला आणि चांगला पाय परातीत टाकला. काटा चांगल्या पायात.

मी गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं त्यांना. दोन्ही पाय कामातून गेलेले. इरावती दारात उभी.

"हसू नकोस," आबा तिला म्हणाले.

"नाही हसत, आबा. आता तरी चला तालुक्याला. दोन्ही पाय दाखवून येऊ."

"म्हणजे दोन्ही कापतील!"

मी आत जाऊन पदराला डोळे पुसले. हसून पुसले की रडून, मलाच कळलं नाही. कारण त्याच दिवशी पट्टी बदलताना मी बघितलं होतं. अंगठ्याची खालची बाजू काळसर पडायला लागली होती. मालकांना निरोप धाडला होता, पण ट्रॉलर कधी किनाऱ्याला लागेल ते कुणाच्या हातात? मी इरावतीला म्हटलं, "तू शिकलेली आहेस. काहीतरी कर. त्यांचं मन वळव." ती म्हणाली, "वहिनी, मी सगळं खरं सांगून बघितलं. खऱ्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही."

पुढच्या आठवड्यातली दुपार. मी मासळी विकून परत आले तर आबा ओट्यावर पाय वर करून बसलेले. चेहऱ्यावर तूपभात खाल्ल्यासारखं समाधान. पायाला काहीतरी चकचकीत फासलेलं. शेजारी माझं उलथणं आणि ताटली. रिकामी, खरवडून काढलेली.

"आबा! काय केलंत?"

"थंडगार वाटतंय गो, शेवंते. आधीच लावायला हवं होतं."

एवढ्यात इरावती बर्फाची पेटी घेऊन फाटकातून आत आली. तिनं ताटली बघितली, आबांचा पाय बघितला आणि तशीच आत धावली. लाकडी पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती एकदम शांत.

"आबा, कुठली ताटली घेतलीत?"

आबांचं उत्तर तयार होतं. "मी काय खुळा हाय? साय धरलेल्या नाय घेतल्या. त्यात जंतू. गोल पडलेलीही नाय घेतली, त्यात अर्धे जंतू. एक होती पार स्वच्छ. आरशासारखी. ज्यात एकही जंतू जगला नाय, त्यात औषध सगळ्यात जास्त. बरोबर?"

इरावती ओट्यावर बसली. चष्मा काढला. पुन्हा लावला.

"आबा, शेतात पेरणी केली की त्या दिवशी शेत कसं दिसतं?"

"कसं म्हणजे? मोकळं."

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"ती ताटली मी आज सकाळी पेरली होती."

आबांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. माझ्या हातातली टोपली खाली पडली.

"किती... किती पेरलेस?"

"मोजता येत नाहीत, आबा."

"कधी उगवतात?"

"उद्या दुपारपर्यंत."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय पोर, मला वाटलं. आपल्यामुळे म्हाताऱ्याचा घात झाला म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती आणखीच हलायला लागली.

आणि आबा? ज्या माणसाला तीन महिने मी, डॉक्टर, भागी मावशी आणि अख्खी बंदरवाडी हलवू शकली नव्हती, तो माणूस ओट्यावरून ओरडला, "शेवंते, माझं धोतर काढ! चांगलं! बर्फाचा टेम्पो गेला का बघ! अगो, उभी काय राहिलीस, माझ्या पायात पेरणी झाल्ये!"

टेम्पो निघायच्या बेतात होता. पुढे ड्रायव्हरशेजारी आबा, मागे मासळीच्या पेट्यांवर मी आणि इरावती. प्रत्येक वळणावर आबा मागे तोंड करून विचारत होते, "आता किती झाले असतील?" आणि इरावती ओरडून सांगत होती, "अजून रुजतायत, आबा! बोलू नका, पाय हलवू नका!"

तालुक्याच्या दवाखान्यात रांग होती. आबांनी रांग बघितली आणि मोठ्यानं म्हणाले, "बाजूला व्हा, लागण होईल." रांग आपोआप बाजूला झाली. आत डॉक्टर तरुण होता. आबांनी त्याच्यासमोर पाय ठेवला.

"डॉक्टर, ह्या पोरीनं माझ्या पायात पीक घेतलंय. उगवायच्या आधी काढ."

डॉक्टरनं इरावतीकडे बघितलं. ती त्याला कोपऱ्यात घेऊन गेली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. डॉक्टरला एकदम ठसका लागला. पाणी प्यायला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा एकदम गंभीर होता.

"तांडेल, बरं झालं वेळेवर आलात. पेरलेले जंतू फार वाईट. इथेच राहावं लागेल. रोज इंजेक्शन, रोज पट्टी. मी सांगेपर्यंत खाटेवरून उतरायचं नाही."

"करवत?"

"जमेल तेवढी टाळू."

"अंगठा राहील?"

"कुठला?"

"दोन्ही," आबा म्हणाले. "जोडी पाहिजे."

जखम धुताना डॉक्टर मला बाहेर म्हणाला, "आणखी एक आठवडा घरी बसले असते तर गुडघ्याखालून पाय काढावा लागला असता. आताही सांगता येत नाही." मी बाकावर बसून राहिले. मासळीचा वास येत होता म्हणून लोक जरा लांब बसत होते. इरावती मात्र माझ्या खांद्याला खांदा लावून बसली.

आबा तीन आठवडे दवाखान्यात होते. काळा पडलेला भाग काढला, नख गेलं, पण अंगठा राहिला. जखम तळापासून भरत वर आली. इरावती दर दोन दिवसांनी यायची आणि आबा दर वेळी विचारायचे, "मेले का?" ती म्हणायची, "मरतायत. पण एक सांगते, आबा. सगळे कधीच मरत नाहीत. थोडे झोपून राहतात. साखर म्हणजे त्यांचं खत. रक्तात साखर वाढली की पुन्हा उगवतील."

"चहात अर्धा चमचा?"

"अर्ध्या चमच्यात एक वाफा उगवतो."

आबांनी साखर सोडली. इंजेक्शनची वेळ त्यांनी समुद्राच्या भरतीसारखी पाळली. पुढे गावात लग्न असलं आणि कुणी पानात लाडू वाढायला आलं, की ते हात आडवा धरून म्हणायचे, "नको. माझ्या पायात पेरणी आहे." नवीन वाढपी घाबरून जागीच थांबायचे. जखम कशी बरी झाली, याचंही त्यांनी स्वतःचं ठरवून टाकलं होतं. दवाखान्याला ते काही श्रेय देत नसत. म्हणायचे, "पायातले जंतू रानटी आणि ताटलीतले शिकलेले. दोघांची जुंपली. दोघे मेले."

शिमग्यानंतर इरावती निघाली. तिचा बाडबिस्तरा उचलून मी एसटीच्या थांब्यावर गेले. भागी मावशीनं तिला सुकवलेल्या बांगड्यांची, म्हणजे सुक्या मासळीची, माळ दिली होती, ती तिनं पिशवीबाहेरच लटकवली होती. गाडीला वेळ होता.

"वहिनी, एक सांगू? आबांना सांगणार नसाल तर."

"सांग."

"त्या ताटलीत काहीच नव्हतं."

मी बाडबिस्तरा खाली ठेवला.

"दर वेळी एक ताटली मी नुसती ठेवते. आगर ओतायचा, काही पेरायचं नाही. माझं काम स्वच्छ आहे की नाही ते तिच्यावरून कळतं. आबांनी नेमकी ती उचलली. बाकीच्या सगळ्या जागेवर आहेत की नाही ते मोजायला मी आत धावले होते. त्या जागेवर असल्या म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला."

"मग तू रडत होतीस ती?"

"कोण रडत होतं? हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखल्या. आणि तुम्ही वर पाठीवरून हात फिरवत होतात!"

एसटी आली आणि गेली. आम्ही दोघी हसतच होतो. दुसरी गाडी दोन तासांनी होती.

मग ती जरा गंभीर झाली. म्हणाली, "खोटं बोलायची मला सवय नाही, वहिनी. पण त्या दिवशी खरं सांगितलं असतं, की आबा, काही होणार नाही, तर ते पुन्हा ओट्यावर पाय पसरून बसले असते."

"आणि तुझ्या शिंगाळ्याचं काय? ते औषध होईल का?"

"ताटलीत तरी जंतू मरतात. माणसाचं अजून ठाऊक नाही. बघू."

ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे. अजून मासळीची बुळबुळ तपासते. अजून 'बघू' म्हणते. मी चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हा पहिलं पोस्टकार्ड तिला लिहिलं होतं. त्यात फक्त एवढंच होतं, की आबांचा पाय बरा आहे आणि त्यांना काही सांगितलेलं नाही.

एक वेळ सोडली तर नाहीच सांगितलं. शेवटच्या आजारात आबांनी अन्न सोडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता मागतील ते द्या. मी त्यांना उसाच्या रसासारखा गोड चहा करून दिला. त्यांनी वास घेतला, बशी हातात धरली आणि पांघरुणाबाहेर आलेल्या पायाकडे बघितलं.

"उगवतील गो, शेवंते."

"नाय उगवत, आबा," मी म्हटलं. "त्यात बी पडलंच नव्हतं."

आबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग खिडकीबाहेर, समुद्राकडे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"धुकं होतं," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

माझे सासरे जनार्दन ऊर्फ जानू तांडेल दोन हजार तीन साली भाद्रपदात, गौरी-गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले. दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना बांधून त्यांना नेलं.